मुलीची डावी किडनी

मी, परिचारिका विद्यालयात पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही कान न भरता लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं आणि जिना चढताना धाप लागते. डोकं मात्र शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझी मुलगी आणि माझी सून, म्हणजे माझ्या दिवंगत मुलाची पत्नी, या दोघींना समान हिश्शाने मिळावं. सुनेला तिच्या हयातीत घराबाहेर काढता येणार नाही, आणि मुलीची खोली कोणाला भाड्याने देता येणार नाही. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्याचं कारण कलम तीनमध्ये.

२. वर्गात वापरलेलं, अवयव सुटे होणारं प्लास्टिकचं धड विद्यालयाला द्यावं. आतडी परत बसवताना पहिल्या वर्षाच्या मुली रडकुंडीला येतात; त्यांना हसू नये.

माझ्या थोरल्या दिरांना या घरातला चमचाही मिळू नये. मुलगी भावाला किडनी द्यायला निघाली तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीच्या पोटावर व्रण पडला तर तिला करून कोण घेणार?" मुलगी म्हणाली, "काका, पोट माझं आहे." शेवटच्या दर्शनाला त्यांनी जरूर यावं. भाषण करू नये.

३. माझ्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रक्त गाळायचं, त्यातली घाण आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकायचं, हे त्यांचं काम. ते थांबलं तशी त्याच्या पायांवर सूज चढली. दिवसाआड मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि पाणी घोटाघोटाने प्यायचं, असं त्याचं जगणं झालं. धाकट्या बहिणीची किडनी जुळली. तिने डावी दिली. ती त्याच्या ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवली आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ती कामाला लागली. घरी आल्यावर मुलगा तांब्याभर पाणी एका दमात प्यायला आणि रडला.

काही वर्षांनी त्याच्या शरीराने ती नाकारली. गोळ्या तो वेळच्या वेळी घेत होता. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतात. जंतू कोणता आणि बहीण कोणती, हे त्यांना कळत नाही. तो गेला त्या दिवशी सून दुःखाच्या भरात नणंदेला म्हणाली, "तुझी किडनीच कच्ची निघाली." मुलगी उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर ती या घराची पायरी चढलेली नाही.

म्हणून मी साक्षीदारांसमक्ष जाहीर करते: माझ्या मुलीची किडनी निरोगी होती. तिच्यामुळे माझा मुलगा इतकी वर्षं जगला. तो कोणाच्याही चुकीने गेला नाही. सुनेचे ते शब्द तिचे नव्हते, तिच्या दुःखाचे होते; ते दोघींनीही धरून ठेवू नयेत.

४. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला द्यावा. मुलांना हृदयाची गळकी झडप पुस्तकात नीट समजत नाही. काही कारणाने त्यांनी देह नाकारला, तर जवळच्या स्मशानात साधेपणाने दहन करावं.

५. आज सकाळी हा मसुदा मी सुनेच्या हाती दिला. तिसरं कलम वाचून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाहेर आली ती फोन घेऊनच.

"आई, हे तिला मीच वाचून दाखवायला हवं."

तिने स्पीकर लावून फोन केला. तिकडून मुलीने नुसतं "हं" म्हटलं. सून "निरोगी होती" इथपर्यंत आली आणि थांबली. मग मुलगी म्हणाली, "वहिनी, पुन्हा वाच."

सुनेने पुन्हा वाचलं.

यावरून कलम तीनची अंमलबजावणी माझ्या मृत्यूपूर्वीच सुरू झाली आहे. तरीही ते खोडू नये.

लिहून देणार: निवृत्त शिक्षिका (सही)

साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही), औषधाच्या दुकानाचे मालक (सही). सून हक्कदार असल्याने तिची सही घेतलेली नाही. ती माझ्या शेजारी बसली आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: आजचा, रविवार