पश्चिमेस बुजवलेली विहीर

लिहून ठेवणार मार्तंड अनंत कर्णिक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा अर्ज व दस्त लिहिणे, राहणार बोरिवली, कचेरीच्या मागे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तापलेले आहे ते रागाने, वयाने नव्हे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. हा कागद मी कोणाच्या धाकाने, भरीने किंवा नशेत लिहीत नाही. सकाळचा चहा घेतला आहे, तेवढाच.

यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे, एक सन १९४१ चे व एक माझी पत्नी वनमाला वारली त्या वर्षीचे, रद्द समजावीत. दोन्हींत मी मुलाबद्दल चांगले लिहिले होते.

कलम १. मी चाळीस वर्षे प्रत्येक कागदावर 'मौजे बोरिवली, तालुका बोरिवली' असे लिहीत आलो. या फेब्रुवारीत आमचे गाव मुंबईत घातले. आता मला 'मुंबई' लिहायला सांगतात आणि गावाला उपनगर म्हणतात. आम्ही कोणाचे उप नव्हतो. इथे मामलेदार बसत होता, खजिना होता, कच्च्या कैद्यांची कोठडी होती. गोराईच्या कोळणी, मिठागरांवरचे आगरी, डोंगरावरून मोळ्या घेऊन उतरणारे वारली, सगळे कचेरीच्या ओट्यावर येत आणि खांबाला टेकून भाकरी खात. त्या ओट्यावर उजवीकडून दुसऱ्या खांबाशी माझी चटई असे. लोक आपली भांडणे मला सांगत व मी ती सरकारला समजतील अशी लिहून देई. आता कचेरी उठली आणि त्या ओट्यावर कोणाच्या तरी सायकली लावलेल्या असतात. ओटा माझा नव्हता, म्हणून त्याची व्यवस्था या कागदात करता येत नाही. नाहीतर केली असती.

कलम २. माझा उतरता डेस्क, दौत, बोरू, टाक व कायद्याची पुस्तके मुलगी कुंदा हिला द्यावीत. ती मुलुंडला दिली आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते आणि मी तिला सातवीनंतर घरी बसवले. मुलीच्या अक्षराने कोणाचे पोट भरते, असे मी तेव्हा म्हणालो होतो. ते मूर्खपणाचे बोलणे होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करायची आहे, तिच्या नवऱ्याने मध्ये पडू नये.

कलम ३. कचेरीच्या तासाची काशाची थाळी मजकडे आहे. ती मी चोरलेली नाही, भंगाराच्या लिलावात घेतली, पावती डेस्काच्या डाव्या कप्प्यात आहे. ही थाळी धाकू सावंत याने सव्वीस वर्षे वाजवली. धाकू कोकणातून आलेला, कचेरीचा शिपाई. खजिन्याच्या पहाऱ्याशी उभा राहून तो दर तासाला टोले देई. शाळा त्याच्यावर भरे, बाजार त्याच्यावर उठे. स्टेशनमास्तर आपले घड्याळ खरे मानी, पण गाव धाकूला मानी. सन १९५१ मध्ये धाकू वारला. थाळी त्याची विधवा मालन हिला द्यावी. तिने ती वाजवावी, नाहीतर तीवर पापड वाळत घालावेत, कोणी तोंड उघडू नये.

कलम ४. मुलगा शरच्चंद्र ऊर्फ शरद यास राहते घर, त्यातील भांडीकुंडी व परसातील दोन आंब्यांची झाडे मिळावीत. माझी छत्रीही त्यालाच द्यावी. मुंबईच्या कोटात, फोर्टमधल्या कचेरीत जायला लागल्यापासून त्याला माझ्याबरोबर रस्त्याने चालायची लाज वाटते, छत्रीबरोबर वाटणार नाही. यापलीकडे त्याला काही नाही. का नाही ते खाली लिहिले आहे आणि कुंदाने ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. तो मध्ये बोलला तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

कलम ५. माझ्या घराच्या पूर्वेस मालनचे घर आहे. ती जमीन मी सन १९२९ मध्ये धाकूला विकली. पैसे पोचले. खरेदीखत मीच लिहिले. आमच्या धंद्यात चतुःसीमा जमिनीवर जाऊन पाहत नाहीत, आधीच्या कागदावरून उतरवतात. वडिलांनी मला तसेच शिकवले होते. वडिलांच्या दस्तात आमच्या घरामागे विहीर होती. म्हणून मी धाकूच्या खतात लिहिले, 'या जागेच्या पश्चिमेस विहीर.' पण ती विहीर पटकीच्या साथीनंतर सन १९१९ मध्ये बुजवली गेली होती आणि नवी विहीर तीस पावले पूर्वेला खणली होती. मी रोज तिचेच पाणी पीत होतो. तरी कागद लिहिताना मी मान वर करून खिडकीबाहेर पाहिले नाही.

धाकूने घर बांधले ते दोन विहिरींच्या मधे, मी हाताने दाखवलेल्या जागी. पण आज विहीर म्हटली की नवीच धरतात, तेव्हा कागदाप्रमाणे त्याची जमीन नव्या विहिरीच्या पलीकडे, भर रस्त्यात पडते आणि त्याचे घर माझ्या जमिनीत.

हे मला आज कळले असे नाही. सन १९३८ मध्ये धाकू ओट्यावर आला आणि म्हणाला, "अण्णानू, माझो कागद बरोबर आसा मा?" मी म्हणालो, "माझा कागद चुकत नाही." त्याच दुपारी मी नक्कल काढून पाहिली. चूकदुरुस्तीचा लेख म्हणजे एका पानाचे काम. पण तो नोंदवायचा म्हणजे सगळ्या कचेरीला कळले असते की कर्णिकांचा दस्त चुकला. मी नक्कल परत बासनात बांधली. धाकू समाधानाने टोले द्यायला गेला. पुढे तेरा वर्षे तो मला रोज नमस्कार करीत होता.

या दिवाळीनंतरच्या रविवारी शरदने जमीन विकायच्या बेताने मुंबईहून घरबांधणी सोसायटीची माणसे आणली. त्यांनी फीत लावली, झाडे मोजली आणि मालनच्या ओटीवर खडूने फुली मारली. शरद तिला म्हणाला, "काकी, संक्रांतीपर्यंत घर मोकळं करा." वनमाला टायफॉइडने चार महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हाच मुलगा या काकीच्या चुलीशी बसून घावने खात होता. त्याला मीठ कमी लागते हे तिला अजून आठवते. त्याला काहीही आठवत नाही.

मी बाहेर येऊन म्हणालो, "अरे, ते घर तिचं आहे."

तो म्हणाला, "अण्णा, कागद तुमचाच आहे ना? मग वाचा की."

मालन मला म्हणाली, "अण्णानू, माझां घर कोणाच्या जमनीत आसा, तां तुमीच सांगा."

तेव्हा चार परक्या माणसांसमोर मी, मार्तंड कर्णिक, म्हणालो की धाकूनेच सीमा चुकीच्या सांगितल्या असतील.  मालन आत गेली आणि ओले फडके आणून ओटीवरची फुली पुसू लागली. मला शरदचा राग आहे, सोसायटीचा आहे, गाव गिळणाऱ्या मुंबईचा आहे. पण त्या फडक्याकडे पाहताना मला जो राग आला तो यांपैकी कोणावर नव्हता. सबब मी येथे लिहून देतो की सदर चतुःसीमा लिहिण्यात माझी चूक झाली व ती एकोणीस वर्षे मी जाणूनबुजून लपवली.

कलम ६. शरदला आता वाटेल की मालनचे घर या मृत्युपत्राने दिले आहे, तेव्हा म्हातारा भ्रमिष्ट होता असे कोर्टात सांगून हे मोडता येईल. मी चाळीस वर्षे लोकांची मृत्युपत्रे लिहिली आहेत आणि त्यांतली किती मोडली तेही पाहिले आहे. मेलेल्या माणसाला कोर्टात उभे राहून उत्तर देता येत नाही. म्हणून ते घर मी या कागदाने देत नाही. शुक्रवारी, ता. २९ नोव्हेंबर रोजी, मी मालनला घेऊन रजिस्ट्रेशनच्या कचेरीत गेलो आणि घराखालची सगळी जमीन बक्षीसपत्राने तिच्या नावे करून दिली. दस्त नोंदला गेला आहे. ते बक्षीस नाही, तिचेच तिला दिले आहे, पण कायद्यात त्याला दुसरे नाव नाही. या वेळी सीमा कागदावरून उतरवल्या नाहीत. पोलीस पाटील गुणाजी यांनी गडी लावून जुन्या विहिरीचा काठ उकरून काढला आणि मी काठी टेकत चारी बाजू चालून आलो. दस्तात लिहिले आहे: पूर्वेस चालू विहीर, पश्चिमेस सन १९१९ साली बुजवलेली विहीर, तिचा काठ जमिनीखाली दीड हातावर शाबूत.

सोसायटीच्या माणसांना काय सांगायचे ते शरदने पाहावे.

कलम ७. माझे दिवस घालताना जेवणावळ घालू नये. जे येतील ते कचेरी कशी होती याच्या गप्पा मारतील आणि त्यातले निम्मे खोटे असेल. मालनने पान वाढले तर ते कावळ्याला ठेवावे. तिने न वाढल्यास तिला विचारायला जाऊ नये.

खाडाखोड: माझ्या आजवरच्या कोणत्याही दस्तात खाडाखोड नाही, हे या गावात सर्वांस माहीत आहे. या दस्तात एके ठिकाणी आहे. कलम ५ मध्ये शेवटच्या ओळीत प्रथम 'धाकूची चूक' असे लिहिले गेले होते. त्यातील 'धाकूची' खोडून 'माझी' केले आहे. ती खोड माझ्या हातची असून मला मान्य आहे.

सही: मार्तंड अनंत कर्णिक

साक्षीदार:
१. गुणाजी हरी पाटील, पोलीस पाटील
२. सहदेव रामा घरत, निवृत्त कारकून, तालुका कचेरी

मालन सावंत यांनी साक्ष घालण्याची तयारी दाखवली होती. कलम ३ प्रमाणे त्यांना थाळी मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतली नाही. मजकूर मात्र त्यांना वाचून दाखवला. खाडाखोडीची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.

मुक्काम बोरिवली, तालुका बोरिवली
ता. ८ डिसेंबर १९५७
लेखक: स्वतः