बाईंनी मागितलेलं पूरक

प्रिय अक्का,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? (माझे बरंच काही म्हणतात, ऐकायला कुणी नाही.) भावोजींना चष्मा सापडला असेल असं धरून चालतो.

मी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलंय. हसू नकोस. या वयात मला कुठे साहेब व्हायचंय. पण नोकरी संपल्यापासून घरात माझ्याशी बोलतो तो फक्त कुकर, आणि तोही शिट्टी झाली की गप्प. वर्गात मराठी मी एकटाच. बाई पोरसवदा, पण कडक. आधी कर्ता शोधा, मग क्रियापद, मग पूरक, म्हणजे ज्याच्यावाचून वाक्य लटकून राहतं ते. 'इट इज रेनिंग' आलं तेव्हा मी विचारलं, हा 'इट' कोण? तर कोणीच नाही म्हणे, पण कर्त्याची जागा रिकामी ठेवायची नसते. (आमचे जुने मॅनेजर आठव. काम शून्य, पण खुर्चीत हजर.) मग घरच्या माणसांवर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'माय वाइफ वेंट.' बायको गेली. आपल्यात यापुढे काही सांगायचं उरतं का, तूच सांग. बाईंनी खाली लाल रेघ मारली. कर्ता आहे, क्रियापद आहे, पूरक कुठाय? गेली कुठे?

आता काय लिहू? 'वारली'चं इंग्रजी मला येतं गं, पण हात चालेना. लिहून टाकलं, 'टू माय सिस्टर्स हाउस.' बाई खूश. तेव्हापासून माझ्या बाकावरचा न्हावी रोज विचारतो, मिसेस आल्या का? मी सांगतो, तिला तिकडे करमतंय, राहू दे. सांगताना बरं वाटतं. घरी येऊन कुलूप काढलं की मात्र फार एकटं वाटतं, अक्का.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. पुढच्या सोमवारी प्रत्येकाने वर्गातून आपल्या माणसाला फोन लावून इंग्रजीत बोलायचंय, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला तुझ्याकडेच लावावा लागणार. तिला फोनवर बोलवा म्हणाले, तर आंघोळीला गेलीय म्हण. बाकी एवढंच पाठ कर: 'शी इज हिअर. शी इज फाइन.'

आणखी एक. पोट बिघडलं सांगून सोमवारी दांडी मारता येते, हे मला सुचलं नाही असं समजू नकोस. तरी तू फोन उचल, आणि जरा सावकाश बोल. मला ते ऐकायचंय.