न आवरलेलं अंथरूण

डब्लिन, ओहायो
१६ ऑक्टोबर २००५

चि. प्रताप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई येऊन महिना झाला. तब्येत छान आहे, फक्त उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. आमच्या घराची शिस्त तिनं ताब्यात घेतली आहे. अंथरूण आवरल्याशिवाय चहा नाही, हा चिपळूणचा कायदा इथंही लागू झाला. शनिवारी इशिताच्या दोन मैत्रिणी राहायला आल्या होत्या. त्या दात घासून येईपर्यंत त्यांच्या स्लीपिंग बॅगा घड्या होऊन कपाटात गेल्या होत्या. नायगाऱ्याला गेलो तर मोटेलमध्येसुद्धा तिनं सगळे पलंग आवरले, वर बेसिन घासलं. रवी म्हणाला, आता मोटेलवाला आईंना पगार सुरू करणार.

मागच्या आठवड्यात इशिता तापानं पडली होती. आठ वर्षांची घोडी, पण आईनं तिला रुमालाचा उंदीर करून दिला, हातावरून टुणकन उडणारा. लहानपणी तू तो सारखा उलगडायचास म्हणून आई त्याच्या शेपटीला गाठ मारायची, आठवतं का? याही उंदराला तशीच गाठ आहे. आता तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना उंदीर हवाय आणि माझे रुमाल संपलेत.

आता मुख्य काम. आईला कॅरिबियन क्रूझवर न्यायचं म्हणतोय. सहा वर्षं तू बोटीवर आहेस आणि आमच्यापैकी एकानंही बोटीत पाय ठेवलेला नाही. कधी यावं, खोली कुठली घ्यावी, बरोबर काय न्यावं, खायचं काय, सगळं सविस्तर लिही. ईमेल करू नकोस. ईमेलमध्ये प्रतापचं अक्षर दिसत नाही अशी आईची तक्रार आहे. तुझी पत्रं ती स्वतः फोडते आणि वाचून उशीखाली ठेवते.

पत्राला आळस करू नकोस, आणि ताईवर माया असू दे.

तुझी,
ताई

*

फ्लोरिडा, बंदरावरून
३० ऑक्टोबर २००५

ती. सौ. ताईस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

आज रविवार, म्हणजे आमची बोट रिकामी होऊन पुन्हा भरायचा दिवस. मधे तासभर मिळाला तो खलाशांच्या क्लबात बसून तुझ्या नावे खर्ची घालतोय. अक्षराला नावं ठेवू नकोस म्हणून आईला सांग.

ख्रिसमसच्या आठवड्यात मुळीच येऊ नका. जेवायला रांग, पोहायला रांग आणि भाडं दुप्पट. जानेवारीचा दुसरा आठवडा धरा. वादळांचा मोसम संपलेला असतो, गर्दी ओसरलेली असते. इशिताच्या बाईंकडे रजा माग, अभ्यास बरोबर नेईन म्हटलंस की देतात. खोली बोटीच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या डेकवर घ्या, तिथं हेलकावे कमी लागतात. आईसाठी खिडकी हवी आणि लिफ्ट जवळ हवी. बाल्कनीचा हट्ट धरू नका, खोलीत बसतंय कोण? एक दिवस आधी फ्लोरिडात येऊन राहा. तुमच्या कोलंबसच्या विमानतळावर बर्फ पडून विमान अडकलं म्हणून बोट थांबत नाही. दर रविवारी कोणी ना कोणी बॅगा ओढत धक्क्यावर धावताना वरून दिसतो आणि आम्ही निघालेलो असतो. आईच्या व्हिसावर मल्टिपल एंट्री आहे ना, ते आजच बघ. बोट देशाबाहेर जाऊन येते, म्हणजे परतताना तिला अमेरिकेत पुन्हा प्रवेश घ्यावा लागणार.

बॅगा खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, तेव्हा आईच्या गोळ्या आणि इशिताचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेव. मळमळलं तर हिरवं सफरचंद नि खारी बिस्किटं खायची, आणि आलेपाक मिळाला तर त्याच्यासारखं औषध नाही. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला गाठून शाकाहारी म्हणून सांगा, आणि अंडंही चालत नाही हे निराळं सांगा. स्वयंपाकघरात गोव्याची, मुंबईची पोरं आहेत. आदल्या दिवशी सांगितलं तर वरणभात होतो. रवीला राईस कुकर न्यायची हुक्की येईल, तो चढतानाच काढून घेतात. एक संध्याकाळ थाटाची असते, तेव्हा आईला पैठणी नेसव. बेटावर उतरलात की घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, बेटाच्या नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आईला तिथं अंथरूण आवरू देऊ नकोस. ते खोलीवाल्याचं काम आहे, स्टुअर्ड म्हणतात त्याला. दिवसातून दोनदा येतो, संध्याकाळी टॉवेलचे हत्ती, हंस करून ठेवतो. आठवडाभर आईनं काही म्हणजे काही उचलायचं नाही.

फक्त आमच्या बोटीवर येऊ नका. बोट जुनी झाली, खोल्या लहान, आणि मला ऑफिसातून वेळ मिळणार नाही. दुसऱ्या चांगल्या बोटींची नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत.

आईस शि. सा. न., इशितास पापा. लोभ आहे तो या लांबलचक पत्रानं कमी न व्हावा.

तुझा,
प्रताप

*

डब्लिन
९ नोव्हेंबर २००५

चि. प्रताप यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईनं दोनदा मोठ्यानं वाचलं. व्हिसा पाहिला, मल्टिपल आहे. राईस कुकरचं तुला कसं कळलं याचा रवी अजून विचार करतोय.

बाकी सगळं तुझं ऐकलं, शेवटचं मात्र नाही. आईनं सांगून टाकलं की प्रतापची बोट असेल तर येते, नाहीतर मी आणि इशिता घरी पत्ते खेळू. खोल्या लहान आहेत म्हटलं तर म्हणाली, माझा मुलगा सहा वर्षं जिथं राहतो तिथं मला आठ दिवस का राहता येऊ नये? चिपळूणच्या आख्ख्या आळीला तिनं सांगितलंय की प्रताप बोटीच्या ऑफिसात साहेब आहे. आता तिला तुझं टेबल बघायचंय. तेव्हा तुझ्याच बोटीवर ८ जानेवारीचं बुकिंग केलं. सहावा डेक, मध्यावर, खिडकी, लिफ्टजवळ. शाबासकी दे.

ताईचा लोभ तुला माहीत आहे, हट्टही माहीत असावा.

तुझी,
ताई

*

फ्लोरिडा
२० नोव्हेंबर २००५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रवीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलं तर आई फोडेल. वाचून फाडून टाक.

ताई, मी ऑफिसात नाही. कधीच नव्हतो. मी तुला लिहिला तो खोलीवाला आहे. सहाव्याच डेकवर माझ्याकडे सोळा खोल्या आहेत, जोडीला रॉमेल नावाचा फिलिपिनो. नोकरी लागली तेव्हा बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. आईला फोनवर काहीतरी चांगलं ऐकवायचं म्हणून ऑफिस म्हणालो. तिनं ते आळीभर केलं, मग मला मागे फिरता येईना.

कामाची मला लाज नाही. माझ्या खोल्यांबद्दल सहा वर्षांत एक तक्रार नाही, लोक परत येतात ते माझं नाव सांगून खोली मागतात. लाज वाटते ती खोटं बोलल्याची. आणि भीती वाटते ती आईच्या स्वभावाची. मला संडास घासताना पाहिलं तर ती माझ्या हातातला ब्रश काढून घेईल. आम्हाला प्रवाशांच्या शेजारी बसायचीसुद्धा परवानगी नाही, मी तिची समजूत कुठे घालणार? ती नुसती गप्प उभी राहिली तरी माझे हात चालणार नाहीत.

बोट बदल. ते जमत नसेल तर निदान डेक बदल. तुझ्याकडे याआधी कधी एवढं मागितलं नव्हतं.

लोभ ठेवशील ना? या वेळी खरंच विचारतोय.

तुझा,
प्रताप

*

डब्लिन
२९ नोव्हेंबर २००५

चि. प्रताप यास,
खूप खूप आशीर्वाद.

पत्र रवीच्या गाडीत बसून वाचलं. आधी रडले, मग तुझा राग आला, मग आठवलं की दहावीपर्यंत तू स्वतःचं ताटसुद्धा उचलत नव्हतास, आणि हसू फुटलं. वेड्या, सहा वर्षं एकट्यानं हे ओझं कशाला वागवलंस?

बोट बदलत नाही, बाकीचे डेक भरलेत. पण आमची खोली तुझ्या सोळांत नाही, दुसऱ्या बाजूला आहे, एजंटकडून नकाशा मागवून पाहिला. तू आमच्या बाजूला फिरकू नकोस. प्रताप कामात आहे असं मी आईला सांगेन. पण खरं काय ते मी सांगणार नाही, ते तूच सांगायचं. कधी सांगायचं ते तू ठरव.

पत्र फाडलं नाही, माफ कर. माया होती त्याहून वाढली आहे, तक्रार चालणार नाही.

तुझी,
ताई

*

डब्लिन
१९ जानेवारी २००६

चि. प्रतापास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही रविवारी सुखरूप पोचलो. इथं घोटाभर बर्फ आहे आणि माझ्या नाकाची साल अजून उन्हानं निघते आहे. तू लिहिलंस तसंच सगळं झालं. पहिल्या दिवशी मळमळलं, आलेपाकानं थांबलं. तिसऱ्या दिवशी वरणभात मिळाला, मीठ थोडं कमी होतं, पण आवडला म्हणून निरोप पाठवला. पैठणी नेसले त्या दिवशी एका गोऱ्या बाईनं पदर हातात धरून मोर मोजले. रवीचं घड्याळ मात्र बेटावरच्या वेळेवर गेलं आणि आम्ही पळत बोट गाठली. माझा गुडघा इतका पळतो हे मला ठाऊक नव्हतं.

तुझी सुहासिनीताई रोज सांगायची की प्रतापला ऑफिसात फार काम आहे. लहानपणापासून ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. आता तिनं सगळं कबूल केलंय. आमची खोली तू दुसऱ्या खोलीवाल्याकडून मागून घेतलीस, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. जेवून खोलीत आले तर इशिताच्या पलंगावर टॉवेलचा हत्ती होता आणि माझ्या उशीवर नॅपकिनचा उंदीर. मी त्याची शेपटी पाहिली. गाठ होती.

पण खरं सांगते, ऑफिस नाही हे मला पाच वर्षं माहीत आहे. पहिल्या सुट्टीत घरी आलास तेव्हा माझ्या पलंगाची चादर तू चारी कोपऱ्यांत इतकी घट्ट खोचलीस की मला पाय आत घालता येईनात. तुझ्या बोटांना भेगा होत्या. कागदपत्रांनी अशा भेगा पडत नाहीत. मी रोज कोकमाचं तेल चोळत होते आणि तू मला ऑफिसातल्या गमती सांगत होतास. म्हटलं, सांगेल त्याचा तो. पण आळीत साहेब साहेब करत मीच फिरले आणि तुझी वाट बंद केली. ती चूक माझी. बोटीचा हट्ट मी ती वाट मोकळी करायलाच धरला होता.

पहिले चार दिवस मी अंथरूण आवरलं, बेसिन घासलं. सुहासिनी चिडली. तुझी एक खोली तरी कमी व्हावी एवढंच माझ्या मनात होतं. मग तुझं पत्र आठवलं, आईनं काही उचलायचं नाही म्हणून लिहिलं होतंस ते. शुक्रवारी गुडघ्याचं निमित्त करून मी खोलीतच राहिले आणि अंथरूण तसंच टाकलं. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. हात शिवशिवत होते, म्हणून मांडीखाली दाबून खुर्चीत बसले.

तू दार वाजवलंस, इंग्रजीत काही म्हणालास, आत आलास आणि दारातच थबकलास. मी तुला म्हटलं की तुझं काम कर, मी बसून बघते. अकरा खोल्या राहिल्यात म्हणालास, म्हणून मी आणखी काही बोलले नाही. ते आता लिहिते. तू चादर झटकलीस ती एका झोकात पलंगभर पसरली. कोपरे दुमडताना तू मान वर केली नाहीस, आणि मीही तुझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. हातांकडेच पाहत होते. किती सुरेख करतोस रे! मी जन्मभर अंथरुणं घातली, पण मला असा कोपरा साधला नाही. तुझ्याशिवाय माझ्यासाठी कोणी अंथरूण घातलेलं मला आठवतच नाही. मला फार अभिमान वाटला. तुझे बाबा असते तर त्यांनाही वाटला असता.

मार्चमध्ये परत गेले की शेजारच्या सरलावहिनींपासून सुरुवात करून आळीभर खरं सांगणार आहे. तुझ्या सोळा खोल्या कशा असतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मला सांगायला पुष्कळ आहे. कोकमाच्या तेलाचे दोन गोळे रवी उद्या पार्सल करतोय. काम संपल्यावर हाताला लाव, कंटाळा करू नकोस.

मे महिन्यात सुट्टीवर येशील तेव्हा सकाळी अंथरूण तसंच टाकून चहाला ये. घरी ते माझं काम आहे.

तुझी,
आई