खड्ड्यातल्या चष्म्यासाठी ग्राफिक्स कार्ड

सानगडी,
कोजागिरीच्या आसपास

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या भोजराजचा दंडवत. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, मनानं मात्र मी पूर्ण आडवा आहे.) इकडे सर्व ठीक. सौ. रिता बरी, धान लोंबीवर आलं, तलावही यंदा काठोकाठ आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमची ॲसिडिटी? फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही माझ्या प्रत्येक निरोपाला अंगठा दाखवता. मायच्या डोळ्यांबद्दल मी एवढं लांबलचक लिहिलं, त्यालाही अंगठाच आला. कागदावर अंगठा उठवायचा तर निदान शाई शोधावी लागेल, म्हणून हे पत्र.

विषय ग्राफिक्स कार्डाचा आहे. तुम्ही पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब, तेव्हा तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? झालं असं, की मायला काचबिंदू निघाला. आता जे थोडं दिसतं तेही फार दिवस राहील याची खात्री नाही, असं भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मायनं ते शांतपणे ऐकलं आणि रिक्षात बसल्याबसल्या मला म्हणाली की मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची ती कॅसेट एकदा दाखव. तुम्हाला आठवत असेलच, तरी लिहितो, कारण आठवणीचं काम हल्ली आपण सगळ्यांनीच मोबाइलवर सोपवलंय. बाबा मंडळाचे प्रॉम्प्टर. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून त्यांनी गावातल्या प्रत्येक राजाला, खलनायकाला आणि पतिव्रतेला शब्द पुरवले, पण स्वतः कधी कोणाला दिसले नाहीत. फक्त त्या एका वर्षी, नाटक संपल्यावर, तुम्ही नायकाच्या कपड्यांत खाली वाकलात, हात दिलात आणि त्यांना खड्ड्यातून वर ओढून काढलंत. लोकांनी हार घातला. बाबा हसले. साकोलीच्या लग्नवाल्या व्हिडिओवाल्यानं ते टिपलं, आणि बाबांचं हसू आपल्याकडे तेवढंच आहे. (भिंतीवरचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. हा माणूस कोणी दुसराच असल्याचं माय रोज हार बदलताना सांगते.) मायनं ते कधीच पाहिलं नाही, त्या रात्री ती नटांच्या जेवणाचा भात उतरवत होती आणि पुढे कॅसेट बघायला तिला कधी सवड झाली नाही.

मी मोठा टीव्ही घेतला. कॅसेटची पेन ड्राइव्ह केली. चित्र एवढं मोठं झालं की त्यात माणूस कोणता आणि कंदील कोणता ते कळेना. मग लाखनीच्या कमलेशनं (हायवेवर दुकान आहे त्याचं, ट्रकवाल्यांच्या मोबाइलमध्ये गाणी भरून देतो, पण हात चांगला आहे) सांगितलं की एक छोटा कॉम्प्युटर टीव्हीखाली ठेवा आणि त्यात ग्राफिक्स कार्ड टाका, जुनं चित्र धुऊन निघेल. डबा छोटाच हवा होता, कारण टीव्हीखालच्या खणात अर्धी जागा देवांची आहे आणि देव सरकवायला माय तयार नाही.

इथून माझे भोग सुरू झाले. पहिलं कार्ड मी स्वतः नागपूरहून आणलं. डब्याचं माप घेऊन गेलो होतो, पण ते बाहेरून घेतलेलं. कार्ड आत जाईना. कमलेश म्हणाला, बुटक्या डब्याला बुटकी पट्टी लागते, ती कार्डासोबत खोक्यात येते, कुठे आहे? ती रितानं स्वयंपाकघरात ठोकून तिला पळ्या अडकवल्या होत्या. (अजून तिथेच आहे. चांगली पट्टी आहे, म्हणते.) पळ्या उतरवून पाहिलं तर कार्डच लांबीला जास्त. दुसरं बसलं, पण त्याला विजेची वेगळी वायर हवी होती आणि ती डब्यात नव्हतीच. तिसरं बसलं, चाललं, चित्रही स्वच्छ आलं. पण त्याचा पंखा सुरू झाल्यावर मायनं विचारलं की घरात कोणी धान भरडतंय का. प्रॉम्प्टरचं नाटक आणि ऐकू काही येत नाही, ही कसली थट्टा!

चौथं कमलेशनं कुठल्याशा जुन्या कॉम्प्युटरमधून काढून दिलं. आखूड, बुटकं, वेगळी वायर नको, पंखाच नाही. कोणाचं होतं ते त्यालाही सांगता येईना. लावलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला आणि आम्ही तिघं बसलो.

आपल्या मंडळाची रीत तुम्ही विसरला नसाल. पडदा उघडण्याआधी प्रॉम्प्टर खड्ड्यातून मंडळातल्या गेलेल्या नटांची हजेरी घेतो, आणि प्रत्येकाच्या नावाला त्याचा थोरला मुलगा पडद्याआडून ‘हजर’ म्हणतो. सगळ्यांचं झालं की मगच पडदा. जुन्या टीव्हीवर तिथे नुसती खरखर ऐकू यायची. या कार्डातून आवाज इतका साफ आला, की बाबा सोफ्याखाली बसल्यासारखे वाटले. तुलाराम. हजर. टेकचंद. हजर. मायनं पदर तोंडाला लावला. मग बाबांनी त्याच कुजबुजत्या आवाजात आणखी एक नाव घेतलं. मधुकर.

दादा, कॅसेट निघाली तेव्हा बाबा जिवंत होते. स्वतःचं नाव ते कशाला घेतील?

त्या नावाला पडद्याआडून ‘हजर’ आलं नाही. चित्र थांबलं असं म्हणावं तर पडदा वाऱ्यानं हलत होता, कंदिलाभोवती किडे फिरत होते, आणि खालच्या काळ्या खड्ड्यात काहीतरी चमकलं. बाबांचा चष्मा. आम्ही बराच वेळ बसलो. पडदा उघडला नाही. मी चित्र पुढे सरकवून पाहिलं, ते पुन्हा तिथेच आलं. वायर बदलली, सॉफ्टवेअर नवं घातलं, डब्याला अगरबत्ती ओवाळली (ती रितानं). दुसऱ्या दिवशी डबा लाखनीला नेला, तर कमलेशच्या दुकानात नाटक धडाधड शेवटापर्यंत चाललं, हारासकट. म्हणून लगेच मायला रिक्षात घालून तिथे नेलं. माय स्टुलावर बसली मात्र, टेकचंदनंतर पुन्हा ‘मधुकर’ आणि पुन्हा तोच हलणारा पडदा. कमलेशनं भर दुपारी शटर खाली ओढलं. त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

मी भुताखेताचं मानत नाही, हे तुम्ही जाणता. खतं आणि बियाणं विकणाऱ्या माणसाला ते परवडतही नाही. माझं ठाम मत असं, की हा कार्डाचा दोष आहे. जुनं कार्ड, कुठेतरी गरम होत असेल. पण संध्याकाळ झाली की मी टीव्हीकडे पाठ करून बसत नाही, एवढं खरं. चष्मा रोज थोडा थोडा आमच्याकडे वळतोय.

मायला मात्र भीती अशी नाहीच. ती मला समजावते, तेही मी लहान असल्यासारखं.

“थे जवाबासाठी थांबले हायेत. मोठ्या पोरानं जवाब द्या लागते, तवाच पडदा उघडते.”

खरं सांगायचं तर बाबा गेले त्या वर्षी मंडईत हजेरीला त्यांचं नाव घेतलं होतं. तुमचं विमान होतं, तुम्हाला जमलं नाही, ‘हजर’ तेवढं राहिलं, आणि पुढल्या वर्षीपासून मंडळानं कानात बसणारी यंत्रं आणली. खड्डा बुजवला, हजेरीही गेली. म्हणून मी म्हटलं, थोरला नाही तर धाकटा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. परवा सोफ्यामागे उभा राहिलो, घसा साफ केला आणि ‘मधुकर’ आल्याबरोबर खणखणीत ‘हजर’ म्हणालो. चष्मा माझ्याकडे वळला. आणि चुकीच्या जागी तोंड उघडणाऱ्या नटाला बाबा ज्या आवाजात गप्प करायचे, अगदी त्याच आवाजात, हळूच:

“तुही पाळी नाही.”

रितानं ऐकलं. मायनंही ऐकलं, आणि ती हसली. मला मात्र तेव्हापासून जेवण जात नाही.

तरी दादा, एखादं चांगलं कार्ड सुचवा. बुटकं, आखूड, बिनआवाजाचं, वेगळी वायर न मागणारं, आणि जेवढं कॅसेटमध्ये आहे तेवढंच दाखवणारं. वहिनींना नमस्कार. थंडी पडेल, कानाला मफलर बांधत जा.

तुमचा आज्ञाधारक,
भोजराज

ता. क. कार्ड सुचवू नका. पत्र पाकिटात घालण्याआधी मी डबा उघडून ते कार्ड काढून टाकलं आणि टीव्हीची वायर नुसत्या डब्याला लावली. चित्र पुन्हा पूर्वीसारखं घाण आलं. चष्मा तेवढा स्वच्छ आहे.

ता. क. दुसरा. मायला काल देवापुढचा दिवा दिसला नाही. लागलेला असताना तिनं विचारलं की अजून लावला नाही का. हे मी रितालाही सांगितलं नाही. मला रडू येतं. म्हणून तुम्ही या. फोनवरून चालणार नाही. मायनं तसं साफ सांगितलंय. यायचं, सोफ्यामागे उभं राहायचं, एक शब्द बोलायचा, आणि मग तुम्ही त्यांना हात देऊन वर काढता ते तिला बघू द्यायचं.

ता. क. तिसरा, आणि हे लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं. आज संध्याकाळी ‘मधुकर’ झालं, नेहमीची शांतता झाली, आणि मग बाबांनी स्वतःच खालून हळूच म्हटलं, “हजर.” थोडं थांबले. पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, एखादा नट शब्द विसरून उभा असला की म्हणायचे तसं. ते उत्तर देत नाहीयेत, दादा. ते कोणाला तरी शब्द पुरवताहेत. मायनं तुमची गादी उन्हात घातली आहे. भाषण पाठ करायला नको; आणि तोंडाशी येऊन अडलंच, तर खड्ड्यात बाबा बसलेत.