अण्णांच्या नातवाचं स्थळ

९ नोव्हेंबर १९९७, रविवार

स्थळ आलं! केरूमामांनी आणलं. मुलाचा फोटो म्हणून पाकिटातून जे निघालं त्यात मुलगा कोपऱ्यात, अर्धा कापलेला. मधोमध त्याचे आजोबा गेणूअण्णा — फेटा, गळ्यात हार! दादांनी फोटो कपाळाला लावला. मी विचारलं, मुलगा काय करतो? मामा म्हणाले, "अगं उज्वले, अण्णांचा नातू आहे तो!"

बरं. पण करतो काय?

११ नोव्हेंबर

झेंडू तोडता तोडता दादांचं एकच — "अण्णांच्या घरात माझी पोरगी!" अण्णा जाऊन चार वर्षं झाली, तरी नाव निघालं की दादा अजून हात जोडतात.

मला खरंच जाणून घ्यायचंय, अण्णांनी केलं तरी काय? आईला विचारलं. "लय मोठा माणूस." नवसाआत्याला विचारलं. "एकदा आपल्या ओट्यावर बसून ताक पिले होते." झालं! दादा तर चिडलेच. "थोरामोठ्यांबद्दल असं विचारू नये!" मग म्हणाले, "शिवारात पाणी आणलं त्यांनी." कसं आणलं? "आणलं!" एवढंच. काहीतरी केलं असणारच, उगाच कोण कुणाच्या पाया पडतं? पण नीट कुणालाच ठाऊक नाही, ही गंमत! आणि मुलाबद्दल तर चकार शब्द नाही. संसार काय मी अण्णांशी करणार आहे?

१३ नोव्हेंबर

मी नोकरी करते त्या लॅबमधली साधना अण्णांच्या गावची, विंचूरकडचीच. ऐकून उडालीच. "अण्णांचं घर? नशीब काढलंस बाई!" मुलाचं नाव तिलाही माहीत नाही. रोहित. मीच सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. पोहे, चहा, अण्णांच्या आठवणी, परत चहा. मग मुलाचे काका म्हणाले, "अण्णांच्या घरातली सून नोकरी करत नसते. लॅब सोडावी लागेल." एवढं शिकले ते पोहे करायला? दादा मान खाली घालून बसले. फार राग आला त्यांचा.

मग आम्हा दोघांना मळ्यात बोलायला पाठवलं. मी सरळ विचारलं, "अण्णा कसे होते हो?"

तो झेंडूच्या वाफ्याशी थांबला. मग म्हणाला, "खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नाही. कायम कुणीतरी पाया पडत असायचं. आम्ही नातवंडंसुद्धा रांगेत उभी राहायचो." आणि हसला. पुढचा एक दात किंचित वाकडा आहे. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, स्वतःचं दुकान आहे. घरच्यांना ते कमीपणाचं वाटतं, म्हणून सांगत नाहीत. मला तर ऐकून बरं वाटलं! नोकरीचं विचारलं. "सोडू नका. काकांशी मी बोलतो."

बोलेल का पण?

१७ नोव्हेंबर

दादा जेवले नाहीत. माझ्याशी बोलतही नाहीत. काय चाललंय यांच्या डोक्यात?

१८ नोव्हेंबर

दादांनी नकार कळवला! दादांनी! मला न विचारता! म्हणाले, "अण्णांना मी देव मानतो. पण देवाला पोरगी सोडायची चाल आपल्यात नाय. तू कर तुझी नोकरी." त्यांच्या गळ्यात पडून रडरड रडले. त्यांना वाटलं, आनंदानं.

आता कुठल्या तोंडानं सांगू, मला तो मुलगा आवडलाय म्हणून!