वाजणारे बूट

रविवार, संध्याकाळ. चारकोप.

दुपारी चिऊ पुन्हा झोपेत बोलली. अडीच वर्षांची माझी पोर, डोळे मिटलेले, ओठांवर बोट. "शू... आई झोपलीय."

सुजाताला जाऊन दीड महिना झाला. शेवटचे चार महिने ती बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरच होती, आणि एवढ्याशा घरात चिऊला सारखं गप्प कोण करत होतं? मीच. तिचे ते पीं-पीं वाजणारे बूटसुद्धा मीच कपाटावर टाकले. सुजाता म्हणायची, "वाजू दे ना रे, बरं वाटतं मला." ऐकलं का मी? नाही.

आज माझ्या आईला म्हटलं, बघ, झोपेतसुद्धा हेच बोलते. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तूच शिकवलंस मां तिका."

राग आला. पण खोटं काय त्यात?

चिऊ उठल्यावर बूट खाली काढले, पुसले, तिच्या पायात घातले. म्हटलं, "पळ आता. हवा तेवढा आवाज कर."

तिने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग टाचा उचलल्या आणि बूट जराही न वाजवता, चवड्यांवर, आजीकडे स्वयंपाकघरात गेली.