मागच्या बाजूचा मजकूर

प्रिय वृषभ,

कळंब्याच्या जेलमध्ये पत्रं आधी साहेब वाचतात म्हणे. वाचू देत. निदान शुद्ध मराठी तरी त्यांच्या नजरेखालून जाईल.

तुमच्या फ्लाइंग क्लबच्या मालकाने काल पुन्हा पेपरात 'मेकॅनिकचा निष्काळजीपणा' छापून आणला. इंजिनिअर रजेवर असताना 'नवा व्हॉल्व्ह आजच बसव, त्याची सही मागाहून घेऊ' असं कोण म्हणालं होतं, ते नाही छापलं. निर्लज्ज माणूस!

शिरोळला अमरसिंहच्या घरी जाऊन आले. तेवीस वर्षांचा मुलगा, पडलं तेव्हा एकटाच विमानात. मी तुझी आत्या म्हटल्यावर त्याच्या आईने पाणी ठेवलं आणि आत निघून गेली.

मग तुझ्या वकिलांनी अपघाताच्या चौकशीचा अहवाल दाखवला. इंजिनातलं जुनं ऑइल काढायला तळाशी बूच असतं, त्या जागी तू व्हॉल्व्ह बसवलास. घट्ट होता, तारही बांधलेली. जमिनीवर इंजिन चालवून पाहिलंस, थेंबही गळला नाही. पण विमान उडाल्यावर पुढचं चाक पोटात दुमडलं, त्याचा दांडा व्हॉल्व्हवर दाबला गेला आणि व्हॉल्व्ह उघडला. सगळं ऑइल वाहून गेलं, इंजिन जाम झालं, विमान कोसळलं. चाक दुमडणाऱ्या विमानाला हा व्हॉल्व्ह बसवू नये, असा इशारा व्हॉल्व्हबरोबर आलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलेला आहे. आणि तू पोलिसांना लिहून दिलंयस, कागद मी एकट्यानेच वाचला.

खोटारड्या! तो कागद घेऊन रविवारी माझ्याकडे कोण आलं होतं? "आत्या, इंग्रजी लई अवघड हाय, जरा सांग की." मी आधी तुझे उच्चार सुधारले, मग पुढची बाजू समजावली. तू पान उलटून बोट ठेवलंस, "आणि ह्ये?" कॉन्व्हेंटात शिकलेली, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी, तोऱ्यात म्हणाले, "ती वकिली भाषा. कंपनी स्वतःला वाचवते. तुझ्या कामाचं नाही काही."

मी ते वाचलंच नव्हतं, वृषभ.

आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन तसा जबाब दिला. हवालदार म्हणतो, "आज्जी, कशाला ह्या वयात?" त्यालाही सुनावलं. गुरुवारी कोर्टात तुला विचारतील. मला वाचवायला पुन्हा खोटं बोललास, तर माझा जबाब म्हातारीची बडबड ठरेल. तसं होऊ देऊ नकोस, एवढ्यासाठीच लिहिते आहे. अमरसिंह कुणाकुणामुळे गेला, ते त्याच्या आईला पूर्ण कळलं पाहिजे. माझ्या नावासकट.

तुझीच,
विजयमाला आत्या